नक्षीच्या रंध्यांची पूजा

मी सुतार. पण दुकानात मशिनच चालतं आणि नक्षीच्या पट्ट्या मी हिंगोलीहून तयारच आणतो. वडलांचे नक्षीचे रंधे फक्त खंडेनवमीला पाटावर मांडतो, हळदीकुंकू लावतो.

यंदा पूजा होते न होते तोच आखाडा बाळापूरचे एक म्हातारे मामा चौकटीची वाळवीनं खाल्लेली पट्टी घेऊन आले. माझ्या वडलांनीच केलेली. "अशीच करून द्या," म्हणाले. त्याच नक्षीचा रंधा समोर पाटावर होता. मला तो चालवता येत नाही. मी म्हणालो, "मामा, औजारं पूजेला बसलीत. आता न्हाई उचलता येत."

"बराबर हाय," म्हणत ते पट्टी ठेवून गेले.

दसरा झाला. बायको म्हणाली, "पूजा काहून उचलून न्हाई राहिले?" मी तिच्यावरच खेकसलो. झेंडू वाळला, कुंकवावर भुसा बसला, तरी रंधे पाटावरच.

मग मामा परत आले. वाळकी फुलं बघून त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि रंध्यांना वाकून नमस्कार केला.

"वडलांच्या औजारांची लई सेवा करता तुमी," ते म्हणाले. "चालू द्या. मला घाई न्हाई."