गाडीतला दिवा

नवी बॅटरी टाकून आठवडाही झाला नव्हता आणि स्टेअरिंगच्या मागच्या पडद्यावर पुन्हा ‘लो बॅटरी’ आलं. माझं डोकंच फिरलं. आमच्या घराण्याचा स्वभावच तसा, आधी भांडण, मग चौकशी. वणीच्या बॅटरीवाल्याला मी फोनवर नाही नाही ते बोललो, जुना माल माझ्या गळ्यात मारला म्हणालो. तो बिचारा एवढंच म्हणाला, गाडी घेऊन या, पाहू.

खरं म्हणजे तो राग नव्हता, भीती होती. बाबांच्या किडन्या गेल्यात. दर मंगळवारी आणि शनिवारी त्यांना डायलिसिसला यवतमाळला न्यावं लागतं, आणि मारेगावकडच्या आमच्या खेड्यातून तेवढ्या सकाळी एसटी नाही. मागच्या मंगळवारी, जुनी बॅटरी होती तेव्हा, गाडीनं नुसतं कट्-कट् केलं. शेजाऱ्यांनी धक्का मारून चालू करून दिली, पण आम्ही पोचेपर्यंत बाबांची मशीन दुसऱ्याला लागली होती. सुजलेले पाय घेऊन ते दिवसभर बाकावर बसून राहिले. 

गाडी माझ्या धाकट्या भावाची. तो वणी-मारेगाव सवाऱ्या मारायचा. गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि गेला. गाडी मला त्यानंच शिकवली होती, आणि शिकवताना मोठ्या भावाचा जराही मुलाहिजा ठेवला नव्हता. अजूनही माझा गिअर अडकला की तो बाजूला बसून हसत असेल असं वाटतं आणि रडू फुटतं. कायले खोटं बोलू?

वणीत बॅटरीवाल्याच्या दुकानातल्या इलेक्ट्रिशियननं आधी इंजिन चालू ठेवून मीटर लावला. चार्जिंग बरोबर होतं. मग गाडी बंद केली, दारं लावली, बॅटरीची एक वायर सोडवून मध्ये छोटा बल्ब जोडला. गाडी बंद असताना तो पेटायला नको होता, पण पेटला. म्हणजे करंट कुठंतरी जात होता. तो एकेक फ्यूज काढत गेला, तेव्हा एका फ्यूजला बल्ब विझला. त्यानं फ्यूज परत बसवला आणि काचेतून आत पाहिलं. गाडीच्या छताचा दिवा चालू होता. भर उन्हात तो कोणाच्या ध्यानात येणार?

“बॅटरी चांगली हाय, भाऊ. तुमच्या घरी कोणीतरी हा दिवा लावून राह्यलं,” तो म्हणाला. त्यानं बटण मधल्या जागी सरकवलं. आता दार उघडलं तरच दिवा लागणार होता.

घरी येऊन मी बायकोला बोललो, पोरीला दरडावलं. दोघींनी कानावर हात ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर दिवा पुन्हा चालू. मी आवाज चढवणार, तेवढ्यात माय परसदारी आली. गाडी तिथंच, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभी असते.

“मी लावते,” ती म्हणाली.

भाऊ घरी आला की गाडीचं दार उघडायचा, आतला दिवा लागायचा, आणि खिडकीतून तो दिसला की माय तव्यावर भाकर टाकायची. तो गेल्यावर ती रोज दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा ठेवून गाडीकडे जायची आणि छताचा दिवा विझलेला असला की तो लावायची. गावात गाडीला कुलूप कोण लावतं?

“लावते तं लाव, पण बंद काहून नाही करत?”

“लावलेला दिवा आपल्या हातानं मालवत नसतात. तो आपसूक शांत होते.”

तो आपसूक शांत व्हायचा, म्हणजे बॅटरी संपायची. मी तिला समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि खाली पाहत विचारलं, “मंगळवारी तुह्या बाबाले उशीर झाला, थो याच्यानंच?”

मी हो म्हणालो.

माय गाडीत वाकली. पदर डोक्यावर घेतला, दिव्याला हात जोडले, बटण परत मधल्या जागी सरकवलं आणि दार लावलं. दिवा विझला. पेटता दिवा स्वतःच्या हातानं मालवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती घरात गेली आणि किती तरी वेळ भिंतीकडे तोंड करून बसली. माझ्यानं तिच्याजवळ जाववलं नाही.

शनिवारी गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. बाबांना मशीन वेळेवर मिळाली. परतलो तेव्हा अंधार पडत होता. बाबांना उतरवायला मी दार उघडलं आणि छताचा दिवा लागला. माय पिठाच्या हातानंच स्वयंपाकघरातून धावत आली आणि मला पाहून जागीच थांबली.

“तू होय,” म्हणाली.

मला ते दार तिथल्या तिथं लावून घ्यायचं होतं, पण बाबांना अजून उतरायचं होतं.