उतू गेलेलं दूध

जगात कुठंही पीक हाती आलं, की त्याबद्दल हात जोडायची नेमणूक देवानं एकट्या माझ्या बायकोच्या मामांकडे दिलेली आहे. मामा जतकडच्या कोरडवाहू शिवारातले, पण फौजेत असल्यामुळे ज्या ज्या मुलखात बदली झाली, तिथला सुगीचा सण ट्रंकेत घालून घेऊन आले. पंजाबातून लोहडी आणली, ती कडब्याच्या गंजीशेजारीच पेटवली; अर्धं गाव घागरी घेऊन धावत आलं, त्या सगळ्यांना मामांनी शेंगदाणे-गूळ वाटून परत पाठवलं. आसामातून बिहू आणला. तो नाचून झाला, की मामी त्यांच्या कमरेला तेल चोळत म्हणतात, "आवं, देवाला निस्तं हात जोडल्यालं चालत न्हाई व्हय?" ओणमची फुलांची रांगोळी शेळ्यांनी खाल्ली, तर "जेवल्या न्हवं? मग झाला सण," एवढंच मामा बोलले. मी एकदा पाचगणीहून स्ट्रॉबेरी नेली. पहिलं फळ त्यांनी ज्वारीच्या धाटाशी ठेवलं. मी शहाणपणानं म्हणालो, "मामा, हे या मातीतलं नाही." "म्हनून काय झालं, जावईबापू? पाव्हनी आलीया. हितल्या आईला भेटवाय नगं व्हय?"

पण या सगळ्यांत मानाचा सण पोंगल, कारण तो तंजावरकडच्या त्यांच्या जोडीदाराचा. दोघं एकाच तुकडीत होते आणि निवृत्त होताना त्यांचं ठरलं: तू माझा सण करायचा, मी तुझा. त्यामुळे आमची येळवस तिकडं तंजावरच्या भातात व्हायची. म्हणजे अमावस्येला शेतात जेवण न्यायचं, पिकावर शिंपडायचं आणि "चांगभलं" म्हणून ओरडायचं. इकडं मामा संक्रांतीला शेतात तीन दगडांवर दुधाचं पातेलं चढवायचे. दूध उतू जाणं हाच सगळा सण, आणि ते पूर्वेलाच जावं म्हणून पश्चिमेच्या दगडावर खापरीचा तुकडा सारून मामा पातेलं कलतं करायचे, आणि एकदा उतू गेलं, की फोनच्या व्हिडिओवर दोघं म्हातारे "पोंगलो पोंगल" असं कोकलायचे.

गेल्या संक्रांतीच्या बऱ्याच आधी जोडीदाराला झटका आला आणि वाचा गेली. महिनोन्‌महिने शब्द नाही. मामांचं मात्र पक्कं: "दूध वर आल्यालं बघितलं की गडी वरडतुयाच. वरडल्याबिगर ऱ्हातुया व्हय?" संक्रांतीला फोन मामांनी धरला. त्यात उशीला टेकून बसवलेला जोडीदार, शेजारी त्याची मुलगी. पातेल्याजवळ मला बसवलं. "ध्यान ठेवा, जावईबापू."

आता यात चूक कुणाची, तुम्हीच सांगा. लहानपणी मला आईचे सगळ्यात जास्त धपाटे पडले ते दुधापायी. दुधावर ध्यान ठेवायचं याचा अर्थ माझ्या पाठीला एकच ठाऊक. साय फुगली, दूध काठाशी आलं, मामा फोन पुढं करून श्वास रोखून उभे, आणि मी सांडशीनं पातेलं झटक्यात खाली घेऊन विजयी स्वरात ओरडलो, "वाचवलं!"

मामींनी कपाळाला हात लावला. "घात केलासा की वो!" मामांकडे तर मला बघवेना. तेवढ्यात फोनमधून घरघर ऐकू आली. मुलगी घाबरून "अप्पा, अप्पा" करत वाकली. अप्पा हसत होते. माझ्या हातातल्या पातेल्याकडे वाकडं झालेलं बोट दाखवून, डोळ्यांतून पाणी येईतो हसत होते, आणि हसता हसता जड जिभेनं त्यांनी एक शब्द ढकलून बाहेर काढला, "चांग... भलं!" स्वतःच्या सणातला विसरले, आमच्यातला आठवला. मामा फोनच्या काचेवर नुसतं बोट फिरवत राहिले. पातेलं पुन्हा चढवायचं कुणाला सुचलंच नाही.

यंदा फोनच्या पलीकडे अप्पा नव्हते. तरी मामांनी पातेलं चढवलं आणि सांडशी माझ्या हातात दिली. "आवंदाबी वाचवा की, जावईबापू," एवढंच म्हणाले. दूध वर आलं. हात शिवशिवला, पण उचलला नाही. आता हसवायचं कुणाला? दूध उतू गेलं, विस्तवावर चर्र झालं, आणि तेव्हा कुठं मला दिसलं, की खापरीचा तुकडा मामांनी या खेपेला उत्तरेच्या दगडावर सारला होता. दूध दक्षिणेला, तंजावरच्या अंगाला ओघळत होतं.

"चांगभलं, गड्या," मामा हळूच म्हणाले.