आजार आपल्या बोलीत सांगितला त्या दिवशी

पाड्यातल्या बायांनो, आणि माझ्यासारख्या मुंबईला आलेल्यांनो,

जव्हारच्या स्टँडवर एसटीत बसले तेव्हा मी पाच महिन्यांची गरोदर होते. नवरा आजारात गेला होता. त्याच्याच आजाराचं नाव माझ्या कागदावर आलं होतं, एचआयव्ही, आणि सासरच्यांनी माझं अंथरूण घराबाहेर टाकलं होतं. आईनं नाचणीच्या भाकऱ्या बांधून दिल्या नि एवढंच म्हणाली, "तिथं कोणाला काही सांगू नको."

परळला आत्या होती, हॉस्पिटलात साफसफाई करायची. तिच्या चाळीतल्या खोलीत मी राहिले. दवाखान्यातल्या मॅडम चांगल्या, पण बोलायच्या फास्ट, अर्धं इंग्लिशमध्ये. 'व्हायरल लोड' म्हणजे रक्तात विषाणू किती ते, पण तेव्हा ऐकून मला वाटलं, काहीतरी ओझं उचलायचंय. गोळी मात्र एकही चुकवली नाही. मुलगी झाली. दीड वर्षाची झाली तेव्हा तिची शेवटची तपासणी झाली. निगेटिव्ह! आत्यानं लालबागहून पेढे आणले. कशाचे ते कोणाला सांगता येईना, म्हणून आम्ही दोघींनीच जिन्यात बसून संपवले.

पुढे एकदा मोखाड्याची एक वारली बाई गोळ्या बंद करून आली. मॅडमचं बोलणं तिला कळेना. मी बाकड्यावर बसले होते. न राहवून आपल्या बोलीत सांगितलं, किडा मेलेला नाही, झोपलाय. रोजची गोळी त्याला झोपवून ठेवते, चुकली की तो उठतो. ती गोळ्या घेऊन गेली. मॅडमनी मला तिथेच कामाचं विचारलं. आज माझ्या गळ्यात कार्ड आहे, 'समुपदेशक'.

आणि गेल्या आठवड्यात आमची तपासणीची गाडी आपल्याच पाड्यावर आली. शाळेच्या ओट्यावर तुम्ही सगळ्या बसल्या होतात, पण तपासणीला कोणी उठेना. मग मी सांगूनच टाकलं, हा आजार मला आहे, नऊ वर्षं मी गोळी घेतेय, आणि माझी लेक तिसरीत आहे, तिला काही नाही.

मागून आई उठली, सगळ्यांच्या मधून चालत आली.

"पोर माझी आहे," ती तुमच्याकडे बघून म्हणाली. मग माझ्याकडे हात केला. "आधी माझं बोट टोच."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. वर्गाच्या दाराशी रांग लागली, दुपारीच किट संपले, आणि परळला फोन करून आणखी मागवताना मला धड बोलताही येईना, इतकी मी हसत होते.

सोमवारी कामावर आले तर एक नवी मुलगी कागद मुठीत धरून बसलेली. आपल्या बोलीत तिनं विचारलं, ताई, तू कुठली? आधी मी 'पालघरकडची' म्हणून विषय बदलायचे. या वेळी पाड्याचं नाव सांगितलं. मग चाळीचंही सांगितलं, आणि म्हटलं, रविवारी घरी जेवायला ये.