गुरूवरचा डाग

घड्याळजीचा स्वभाव मुळातच संशयी. घड्याळ मागे पडलं तर दोष गिऱ्हाइकाचा, काम बिघडलं तर हत्याराचा. स्वतःचा म्हणून कधी नाहीच. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरं काय! त्यामुळे परसातल्या दुर्बिणीतून गुरूच्या मधोमध करडा डाग दिसू लागला, तेव्हा त्याने दुर्बिणीलाच धारेवर धरलं.

दुर्बीण तशी गरिबाघरचीच. भंगारातला पाइप, कुणीतरी वापरून टाकलेला आरसा आणि फोटोसाठी भिंग काढलेला जुना वेबकॅम. एवढ्यावर पठ्ठ्याने शनीची कडी टिपली होती.

त्याने आरसा साबणाच्या पाण्याने धुतला. डाग तिथेच. दुकानातलं डोळ्याला लावायचं भिंगही बदललं, कारण हल्ली तिथेही बारीक स्क्रू हाती लागेनात.

"अहो, एकदा डोळे तरी दाखवून या," बायको म्हणाली.

"डोळ्यांना काय धाड भरलीय? तीस वर्षं या उजव्या डोळ्यावरच घर चाललंय!"

तो ओरडला, कारण तो घाबरला होता.

रविवारी लेकीने बिघडलेला लॅपटॉप दुरुस्त करून आणून दिला. अंधार पडताच त्याने वेबकॅम बसवून गुरूचं दोन मिनिटं चित्रण केलं. हजारो चित्रांतली नितळ तेवढी निवडून लॅपटॉप ती एकावर एक रचू लागला. एरवी डाग दिसला की त्याचं डोकं फिरायचं. आज मात्र तो मनातल्या मनात विनवत होता, फोटोत डाग असू दे. असला तर तो काचेवरचा, पुसता येईल.

फोटो आला. दोन पट्टे, शेजारी एक चंद्र, सगळं लख्ख.

"गेला की हो डाग!" बायको मागून म्हणाली.

तो तडक परसात गेला. वेबकॅम काढून डोळा लावायचं भिंग बसवलं. डाग होता. भिंग गोल फिरवलं; धूळ असती तर तीही फिरली असती. डाग जागचा हलला नाही.

आत येऊन तो दारातच थांबला आणि डावा डोळा तळहाताने झाकला. पडदा दिसला, खुर्ची दिसली, बायकोचे खांदे दिसले. खांद्यांच्या वर नुसतं करडं धुकं.

"असे काय बघताय?"

"तू हसतेयस का गं?" त्याने विचारलं.



"नाही," ती म्हणाली. "उद्या दुकान उघडू नका."