पोनिरान आणि टिंग शिकलेला शामा

जावा बेटावरच्या क्लातेन गावाच्या पुढे, उसाच्या शेतांमधल्या रेल्वे फाटकावर पोनिरानने एकतीस वर्षं काढली. घंटा वाजली की फाटक पाडायचं, एवढंच काम. पण घास तोंडात असो नाहीतर अंगाला साबण, माणूस उठलाच पाहिजे! बायकोला तो म्हणायचा, "रिटायर झालो ना, की अंगणात एक पक्षी टांगीन, गरम चहाचा पेला घेऊन बसेन, आणि कशाला म्हणून उठणार नाही."

बायको ते बघायला राहिली नाही. त्याने मात्र लांब शेपटीचा, गाणारा शामा पक्षी आणला. आणि त्याच महिन्यात लेकीने मोबाईल दिला. झालं!

पक्षीवाल्यांचा ग्रुप, पेन्शनवाल्यांचा, गल्लीचा. टिंग झालं की पोनिरान उभा. दुसरा कोणी म्हणाला असता, बघू मग. पण न ऐकलेली घंटा म्हणजे रुळावर कुणाचं तरी मरण, हे याच्या हाडात मुरलेलं. दिवसाकाठी साठ-सत्तर उठाबशा. चहा निवायचा, छाती धडधडायची, झोप उडाली.

त्यात शाम्याला गाणं शिकवायचं तर इतर पक्ष्यांचे आवाज ऐकवावे लागतात, आणि हल्ली ते मोबाईलवरच. यानेही पिंजऱ्याशेजारी मोबाईल टांगला. बुलबुल वाजला, रातकिडा वाजला, मधेमधे टिंगही वाजलं. शामा हुशार, त्याने काहीच सोडलं नाही.

रविवारी सकाळी पक्ष्यांच्या स्पर्धेत त्याने असा सूर लावला की परीक्षक विद्योको जिंकणाऱ्या पिंजऱ्याला लावायचं निशाण घेऊन पुढेच सरकले. तेवढ्यात शामा म्हणाला, "टिंग!" मैदानाच्या दोरीबाहेर उभे असलेले झाडून सगळे बाप्ये खिसे चाचपू लागले. विद्योकोंच्या हातातलं निशाण खाली पडलं!

"कांग," पोनिरानचा दोस्त गिमिन त्याला थोरल्या भावासारखी हाक मारत म्हणाला, "आता तुमच्याकडे दोन मोबाईल. एकाला चार्जिंगला किडे लागतात!"

सगळे खो खो हसले. पोनिरान हसला नाही. "अरे, घरी हा पिंजऱ्यातून वाजतो नि मी उठतो. मी बसू कधी रे?"

हसणं जरा ओसरलं. विद्योको निशाण झटकत म्हणाले, "हात तर माझाही खिशात गेला. एकट्या पक्ष्याला काय बोलायचं? टिंग कानावरच पडलं नाही, तर विसरेल कदाचित."

मग ठरलं. रोज सकाळी मंडळी पोनिरानच्या अंगणात जमायची. मोबाईल बंद करून बिस्किटांच्या जुन्या डब्यात, डबा आत पलंगाखाली. पहिले दोन दिवस कुणाला हात कुठे ठेवावेत ते कळेना. तिसऱ्या दिवशी गिमिनने आपल्या गुडघेदुखीचं सांगितलं. मग एकेकाचं निघत गेलं. कुणाचा मुलगा बोलत नव्हता, कुणाला घर खायला उठत होतं. ग्रुपवर हे कधी आलंच नव्हतं. तिथे नुसते फुलांचे फोटो! गिमिनची बायको एकदा भांडायला आली, "फोन बंद, माणूस गायब!" आणि तळलेलं टेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, खाऊन, दोन गोष्टी सांगून गेली.

चौथ्या आठवड्यात शामा गाता गाता थांबला. मान तिरकी केली.

"टिंग!"

गिमिनचा हात रिकाम्या खिशात गेला. "कांग, मेला विसरला नाही हो!"

पोनिरान जागचा हलला नाही. त्याने पेला तोंडाला लावला. चहा अजून गरम होता.

"गाऊ दे," तो म्हणाला. "हं, तुझ्या गुडघ्याचं काय झालं पुढे?"