पुसलेला दुसरा फोटो

गोंदियाच्या भाजीबाजारात माझ्या मामेभावानं टोपलीभर वांगी रस्त्यावर ओतली आणि त्यातलं एक त्याच्या पायाखाली फुटलं. हिवाळ्याची सकाळ होती. आता आठ-नऊ वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी फोटो आमच्या पेपरच्या पहिल्या पानावर आला. तो मी काढला होता. इतकं सगळ्यांना माहीत आहे. पुढचं मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही — घरी नाही, ऑफिसात नाही, ज्याला सांगायला हवं होतं त्यालाही नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. बातमी खरी होती. वांग्यांचे भाव त्या आठवड्यात पडले होते, व्यापारी टोपलीला हात लावत नव्हते. त्या बातमीतला एकही शब्द मी आजही मागे घेणार नाही. पण बातमीला फोटो लागतो. भाव पडले की रस्त्यावर ओतलेला माल — हा फोटो वाचकाला पाहिजे असतो, म्हणून संपादकाला पाहिजे असतो. तुम्हीही तो पाहिला असेल. कधी शंका आली?

अडचण अशी की आमच्या भागात माल कोणी रस्त्यावर ओतत नाही. विकला गेला नाही तर परत नेतात, गोठ्यात टाकतात, शेजारी वाटतात. मी आमगावकडची, मला हे माहीत होतं. त्या दिवशी बाजारात तासभर फिरूनही मला हवं ते दृश्य मिळालं नाही. मग मी हिवराजकडे गेले. हिवराज म्हणजे माझा मामेभाऊ. स्वतःच्या वाडीतली भाजी आणून विकायचा, अजूनही विकतो. त्याला म्हटलं, एक टोपली ओत, फोटो काढते, लगेच उचलू.

तो हसला. "कायले ओताचं ताई? चांगली वांगी आहेत, सकारीच तोडली." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुयं काम होत असन तर ओततो. पन खालतं पोतं हातरतो."

त्यानं पोतं अंथरलं. मी ते ओढून काढलं. पोतं दिसलं असतं तर फोटो फोटो राहिला नसता.

वांगी ओतली. मी त्याला म्हटलं, एक पाऊल पुढे ये. तो आला आणि वांग्यावर पाय पडला. तो दचकला — तोंड वेडंवाकडं झालं, हात वर गेला. तो पहिला फोटो. लगेच तो खाली वाकला, फुटलेल्या वांग्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. अन्नाला पाय लागला की आपण सगळेच करतो, ते. तोही मी टिपला. तो दुसरा.

पहिला पाठवला. त्याखालची ओळ मीच लिहिली — संतापलेल्या शेतकऱ्यानं वांगी पायदळी तुडवली. दुसरा तिथंच, बाजारात उभ्या उभ्या मोबाइलमधून पुसून टाकला. का पुसला? कोणी सांगितलं नव्हतं. ठेवला असता तरी कोणी मागितला नसता. पण तो असताना पहिला खोटा ठरत होता, हे मला कळत होतं. म्हणूनच पुसला. घाईत काही झालं नाही.

नागपुरात, पेपरच्या मुख्य ऑफिसात, त्या फोटोचं कौतुक झालं. वर्षभरापासून मी कामावर कायम होण्याची वाट पाहत होते, त्यानंतर झाले.

त्याच दिवसांत हिवराजच्या धाकट्या बहिणीची, योगिताची, सोयरीक जुळत आली होती. मुलाकडचे शेतकरीच, आमगावजवळचे. योगिताला मुलगा पसंत होता. मला तिनं स्वतः सांगितलं होतं, लाजत नव्हे, चांगलं तपशीलवार. शहरातल्या वाचकाला त्या फोटोत हतबल माणूस दिसला असेल. मुलाच्या घरच्यांना दुसरंच दिसलं. पिकवलेलं अन्न पायाखाली घेणारं घर. गरिबी त्यांनी चालवून घेतली असती. हे नाही.

मुलाच्या वडिलांनी मला फोन केला. मी मुलीची आतेबहीण, त्यात पेपरवाली, म्हणून. माणूस सरळ होता. शिव्या नाहीत, टोमणे नाहीत. म्हणाला, "पाय लागते बाई, मानसाचा लागते. रागात माल बी फेकते कोनी. मी एकच विचारतो. मंग हात लावला का त्यानं? तुमी होत्या तिथं."

इतकंच. 'हो' म्हणायचं होतं. फोटो मांडून घेतला हे कबूल करायचीही गरज नव्हती. पण हात लावणारा माणूस संतापलेला कसा? माझी ओळ कशी टिकणार? आणि हा माणूस गावभर सांगत फिरला तर?

मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं."

सोयरीक मोडली.

योगिताचं लग्न दोन वर्षांनी बालाघाटकडे झालं. नवरा चांगला आहे, घर चांगलं आहे. म्हणजे शेवटी भलंच झालं, असं तुमच्या ओठांवर आलं असेल. म्हणू नका. माझ्या आईनं म्हटलं, नातेवाइकांनी म्हटलं, मी ऐकून घेतलं. तिला कोण हवा होता ते तिनं मला सांगितलं होतं. ते मी मोडलं. नंतर काय बरं झालं त्याचं श्रेय माझ्या खात्यात नको.

मी पश्चात्तापानं झुरले असंही समजू नका. नीट झोपले, काम केलं, आज डेस्कवर इतरांच्या फोटोओळी तपासते. मांडून घेतलेला फोटो मला चटकन ओळखू येतो. असे परत पाठवते, खरमरीत शेरा मारून. ढोंगी आहे? असेन. तरी ते फोटो परतच जातील.

या हिवाळ्यात गोंदियाला गेले तेव्हा बाजारात गेले. हिवराज तिथंच बसतो. बाजारानं त्याचं नाव पाडलं आहे. शेजारी पालेभाजी विकणाऱ्या सुमनबाईंनी मला पाहिलं आणि आवाज दिला, "ए फोटोवाल्या, तुयी ताई आली. वांगे झाक." मग मला, "या बाई. आज कोनाले तुडवाचं आहे?" आजूबाजूचे हसले. हिवराजही हसला. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "भैया, पेपर में आप ही आए थे ना?" तो म्हणाला, "हाँ, वही. कितना तौलूँ?"

गर्दी ओसरल्यावर त्यानं मला बसायला पोतं दिलं. घरचं विचारलं. मग वांगी निवडता निवडता, माझ्याकडे न पाहता, म्हणाला की मुलाचे वडील मागं एका लग्नात भेटले होते. "तुलेच फोन केला होता म्हने त्यानं." मी म्हणाले, केला होता. त्यानं एक किडकं वांगं बाजूला ठेवलं.

"मी हात लावला होता ताई. तू समोरच होती. तुले दिसलं असन ना?"

यासाठीच मी गेले होते का? तसं ठरवून गेले नव्हते. पण 'हो, दिसलं' हे उत्तर तयार होतं. इतकी वर्षं दुसरं कोणतं होतं? समोर माझा भाऊ होता. नोकरी जाणार नव्हती, कोणी छापणार नव्हतं, सुमनबाईंचंही लक्ष नव्हतं. घाबरण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

मी म्हणाले, "नाही रे. मला नाही दिसलं."

"मंग मलेच भास झाला असन," हिवराज म्हणाला.

त्यानं तागडीत वांगी टाकली, काटा स्थिर होईपर्यंत थांबला आणि पिशवीत भरून दिली. मी ती घेतली.