हिरामणभाऊंची तिसरी फ्लॉपी

प्रिय अन्वी आणि निहार,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमचे बाबा म्हणाले, "आई, ते जुनं धूड आता तरी भंगारात दे." धूड म्हणजे माझ्या टेबलावरचा, तुमच्या आजोबांचा पोर्टेबल कॉम्प्युटर. तुम्ही दोघं हसलात. मी तो का देत नाही हे फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. त्यासाठी तुम्हाला हिरामणभाऊ माहीत असायला हवेत.

पनवेलच्या ज्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे, तिथे ते प्रयोगशाळा सहायक होते. कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी ते खिडकीच्या लोखंडी गजाला बोटं टेकवत, अंगातली वीज उतरवायला. मग कॉम्प्युटर बंद आहे ना ते पाहत, बाहेरून जोडायच्या फ्लॉपी ड्राइव्हची जाड केबल मागे बसवत आणि मगच बटण दाबत. एकदा मी चालू कॉम्प्युटरलाच केबल जोडायला गेले, तर म्हणाले, "बाई, जेवत्या मानसाच्या तोंडात कुनी हात घालतं काय? आधी बंद, मंग जोड."

त्यांची आई धवलारीण होती, म्हणजे आगरी लग्नांत धवले गाऊन विधी पार पाडणारी. तिला लिहिता येत नव्हतं. ती धवले म्हणे, भाऊ ते वहीत उतरवत आणि दर रविवारी विचुंब्याहून सायकलने आमच्या घरी येऊन याच कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टाइप करत. तीन फ्लॉप्या भरल्या. पुढे आई गेली, वह्यांना वाळवी लागली, फ्लॉप्या तेवढ्या राहिल्या. त्या भाऊंनी स्टीलच्या डब्यात ठेवल्या होत्या, शेजारी भाजलेल्या मिठाची पुरचुंडी. मी हसले तर म्हणाले, "मिठागरात वाढलो, बाई. ओल कुठून शिरते ते मला नका शिकवू."

काही वर्षांपूर्वी त्यांच्या नातीचं, प्रणालीचं, लग्न ठरलं. पोरीने हट्टच धरला, पणजीचेच धवले हवेत. सुकापूरची एक धवलारीण गायला तयार होती, शब्द हातात मिळाले तर. भाऊ डबा घेऊन माझ्याकडे आले. ड्राइव्ह उघडला तर आतला रबरी पट्टा वितळून डांबर झालेला. "टेपरेकॉर्डरचा पट्टा बसतो काय बगतो," असं म्हणून ते ड्राइव्ह घरी घेऊन गेले. डबा माझ्याकडे ठेवला.

आठ दिवस झाले, लग्न तोंडावर आलं. तुमच्या बाबांनी कधीतरी पाठवलेला नवा, छोटा फ्लॉपी ड्राइव्ह कपाटात पडून होता. भाऊ येईपर्यंत काम उरकून ठेवावं, खूश होतील, म्हणून मी तो माझ्या नव्या कॉम्प्युटरला लावला आणि हाताला आली ती तिसरी फ्लॉपी त्यात घातली. फ्लॉपी जुन्या पद्धतीची, त्याला ती वाचता येईना. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला: वापरण्याआधी ही फ्लॉपी फॉरमॅट करावी लागेल, करू का? मी 'हो' म्हटलं. प्रश्न नीट वाचून मगच उत्तर लिहा, असं आयुष्यभर मुलांना बजावणारी मी! फॉरमॅट करणं म्हणजे पुसून टाकणं, हे मला पाटी कोरी झाल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले. गजाला बोटं, केबल, बटण. पट्टा फिरला आणि पहिल्या दोन्ही फ्लॉप्या उघडल्या. आईचे शब्द दिसताच त्यांनी चष्मा काढून पुसला. तिसरीकडे हात जायच्या आत मी सांगून टाकलं.

बराच वेळ ते डब्याचं झाकण लावत-काढत राहिले. मग म्हणाले, "तुमाला इंग्रजी वाचता येतं ना, तितंच घात झाला. मला येत नाय. मी थांबलो असतो, कुनाला तरी इचारलं असतं."

"भाऊ, चिडा तरी माझ्यावर."

"चिडून आयचं गानं परत येनार हाय काय? बसा. बोटं चालवा."

तिसरीत पाठवणीची अकरा गाणी होती. बायकांची गाणी, पुरुषाने गायची नाहीत. भाऊ माझ्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसले आणि हलक्या आवाजात म्हणू लागले. मी त्याच जुन्या कॉम्प्युटरवर, त्याच फ्लॉपीवर टाइप करत गेले. चार पूर्ण आठवली. पाचव्याच्या मध्यावर ते अडले. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथेच अडले. पुढची सहा तर सुरूच होईनात.

"जागा सोडा, बाई. ओळ आली तं भरू."

प्रणालीची पाठवणी त्या चार गाण्यांवर झाली. सगळ्यांचे डोळे भरले होते. बाकीची सात कुठे गेली हे त्या मांडवात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि भाऊंनी ते कुणालाही सांगितलं नाही. त्यानंतर ते दर रविवारी यायचे, चहा घ्यायचे, कॉम्प्युटर बंद असल्याची खात्री करून केबल जोडायचे आणि ती सोडलेली जागा बघत बसायचे. निघताना म्हणायचे, "आज नाय आली."

गेल्या दिवाळीनंतर ते गेले. डबा प्रणालीने माझ्याकडेच ठेवायला सांगितला.

पहिल्या दोन फ्लॉप्या अजून उघडतात, पण फक्त या धुडावर. त्यांतलं सगळं मी हाताने वहीत उतरवून घेतलं आहे. तिसरीवर चार गाणी आहेत, पाचवं अर्धं आहे आणि त्याखाली सोडलेली जागा आहे.